लहान्याचं पाणी

९ जानेवारी

प्रिय बडबडे,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न फोडताच ड्रॉवरमध्ये टाकणार, हे गृहीत धरून लिहिते आहे. अकरा वर्षांत तुझ्याकडून एक ओळ नाही. मी वाढदिवसाची कार्डं पाठवतेच. ती परत येत नाहीत, म्हणजे एक तर तू ठेवून घेतेस, नाहीतर तुमचा पोस्टमन महाआळशी आहे. शाळेत बाकावर उभं केलं तरी जिची जीभ थांबत नसे, तिला मी अकरा वर्षं गप्प बसवलं. माझा पराक्रम काही लहान नाही.

लिहायला कारण घडलं आहे. आमच्याकडे नवे फादर आले आहेत, वयाने तरुण. सायकलवरून फिरतात आणि ओळखीचं दार दिसलं की घंटी वाजवतात, आत कुणी झोपलंय का, आजारी आहे का, काही बघत नाहीत. लोक त्यांना सायकलवाले फादरच म्हणतात. परवा त्यांनी माझ्या दाराखाली घंटी वाजवली आणि तीन मजले चढून वर आले. म्हणाले, "मावशी, या महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांनी मिळून बाप्तिस्म्याची वचनं नव्याने घ्यायची आहेत. वेदीपाशी तुम्ही उभ्या राहायचं. तुम्ही पुढे, आम्ही मागे."

मी विचारलं, "मीच का?"

"तुम्हीच का म्हणजे? चर्चचा अख्खा धर्मग्राम तुम्हाला पाणीवाल्या मावशी म्हणतो!"

म्हणतात खरं. नवजात बाळांच्या वॉर्डात मी बत्तीस वर्षं काढली. आपल्यातलं एखादं बाळ हातचं जायला लागलं, फादर पोहोचण्याइतका वेळ नसला आणि आईबापांची इच्छा असली की मी पाणी ओतून बाप्तिस्मा द्यायचे. अशा प्रसंगी कुणीही देऊ शकतं हे तुला ठाऊक आहे. त्यातली जी जगली, ती आता बाप्ये होऊन मला रस्त्यात अडवतात आणि आपल्या पोरांना सांगतात, "या मावशींच्या पाया पड."

मी फादरांना हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तुझ्या जुळ्यांबद्दल एक गोष्ट आहे, ती मी कुणालाच सांगितलेली नाही. ती पोटात ठेवून मी वेदीपाशी उभी राहू शकत नाही. आणि ती सांगितली तर तू जी एवढीशी माझ्याकडे उरली आहेस, म्हणजे ही परत न येणारी कार्डं, तीही जाईल. मला त्याची भीती वाटते. आजही वाटते आहे, म्हणून आज सांगत नाही. आज हात दुखतो असं म्हणते.

तुझी,
ताई

१४ जानेवारी

प्रिय बडबडे,

हात बरा आहे. दुखत नव्हताच.

माझी खोली तू पाहिलेली नाहीस. एक खिडकी, तिच्याखाली शिंप्याचं दुकान, त्यामुळे दिवसभर मशीनची घरघर असते. टेबलाला दोन खुर्च्या आहेत. एकीवर मी बसते, दुसरीवर इस्त्रीचे कपडे बसतात. चर्चमध्ये सकाळच्या मिस्साच्या प्रार्थनेला जाते, तिथे आम्ही मोजून चारजण, आणि त्यातले एक मास्तर ठार बहिरे, ते सगळी उत्तरं एक ओळ उशिरा देतात. संध्याकाळी जपमाळ. 'नमो मारिये' एकाने म्हणायचं आणि 'हे पवित्र मारिये' दुसऱ्याने, अशी आपली सवय. तू तुझा अर्धा भाग इतका घाईत म्हणायचीस की माझं आमेन व्हायच्या आत तुझी पुढची सुरुवात. आई डोळे वटारायची. आता दोन्ही अर्धे मीच म्हणते. आधी विचित्र वाटायचं, स्वतःच हाक मारून स्वतःच ओ दिल्यासारखं. आता सवय झाली आहे असं लिहिणार होते, पण झालेली नाही.

काल फादरांनी मला त्यांच्या वर्गात नेलं. ज्यांच्या बाळांचे बाप्तिस्मे व्हायचे आहेत त्या आईबापांचा वर्ग. चर्चमागच्या खोलीत सात जोडपी, प्लास्टिकच्या खुर्च्या. फादर सांगत होते, की बाप्तिस्मा म्हणजे कपाळावर मारलेला शिक्का नव्हे. ती एका जगण्याची सुरुवात आहे, ती रोज जगायची असते. एक बाप, अगदी पोरगेलासा, मध्येच उठून म्हणाला, "फादर, आमचं पहिलं गेलं. पोटातच. त्याचं काय झालं असेल?" आणि बायकोकडे न बघता खाली बसला.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी पाणीवाली. मी फादरांकडे पाहिलं.

फादर म्हणाले, "देवाने आपल्याला बाप्तिस्म्यासारख्या संस्कारांशी बांधलं आहे. स्वतःला नाही बांधून घेतलं. तुमचं बाळ त्याच्या दयेत आहे. आम्ही रोजच्या प्रार्थनेत त्याला तिथेच ठेवतो."

बायको रडायला लागली, पण बरं वाटल्यासारखी. मी पाणी प्यायला म्हणून बाहेर आले ती आत गेलेच नाही.

कारण मला मी आठवले. तुझ्या लेकीने रजिस्टर लग्न ठरवलं, चर्चमध्ये नाही आणि आपल्यातल्या मुलाशीही नाही, तेव्हा तू मला फोन केला होतास. लग्नाला ये म्हणालीस. मी येणार नाही म्हटलं. तू विनवण्या केल्यास. तेव्हा मी जे बोलले ते तुझ्या कानात अजून असेल, तरी लिहिते, म्हणजे मी विसरले असं तुला वाटायला नको. मी म्हणाले, "तुझं एक तरी लेकरू बाप्तिस्म्यानिशी देवाकडे गेलं, त्यातच समाधान मान."

जिवंत पोरीच्या लग्नाच्या आठ दिवस आधी.

तू फोन ठेवलास. बरोबरच केलंस.

तुझी,
ताई

१९ जानेवारी

प्रिय बडबडे,

आज सकाळपासून घर झाडलं, पडदे धुतले, खिडकीच्या काचा पुसल्या. आता पुसायला काही उरलं नाही, म्हणून बसले.

लहान्यावर मी पाणी ओतलं नव्हतं.

लिहिलं एकदाचं. आता सगळं क्रमाने सांगते.

चौतीस वर्षांपूर्वी तुला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या आणि पहाटे ऑपरेशन करून दोघांना काढलं. आधी मुलगी, चार मिनिटांनी मुलगा. मोठी आणि लहाना, असं मीच म्हणायला लागले. तुझा रक्तस्राव थांबेना म्हणून तुला तिथेच ठेवलं आणि दोघांना माझ्या वॉर्डात आणलं. तासाभरात मोठी निळी पडली. श्वास नाही. डॉक्टरीणबाई तिच्या छातीशी झटत होत्या. मी वाटीत पाणी घेतलं आणि तिच्या डोक्यावर तीनदा ओतलं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने. घाईत निम्मं पाणी डॉक्टरीणबाईंच्या बाहीवर गेलं. आणि मोठी रडली! चिडल्यासारखी, अगदी तुझ्यासारखी. माझा जीव भांड्यात पडला.

मग मी लहान्याकडे वळले. वाटी हातातच होती. पण तो गुलाबी होता, शांत होता, छान श्वास घेत होता. मी विचार केला, हा तर धडधाकट आहे. घाईचं पाणी मरणाऱ्यांसाठी असतं, याला कशाला? याचा चर्चमध्येच करू, पांढऱ्या कपड्यात, मेणबत्ती लावून, आईच्या देखत. दोघांपैकी एकाचा तरी थाटात व्हावा, अशी माझी हौस. मी वाटी खाली ठेवली.

बाराच्या सुमाराला तो अचानक ढासळला. डॉक्टरीणबाई तेव्हा तुझ्यापाशी होत्या. मी त्याची छाती दाबत होते, हात गुंतलेले होते, पाण्याला सवडच मिळाली नाही. दहा मिनिटांत सगळं संपलं. गेलेल्यावर पाणी ओतण्यात अर्थ नसतो, हे मला माहीत होतं.

संध्याकाळी जुने फादर आले. त्यांनी विचारलं, "दोघांचंही झालं ना?" आणि मी हो म्हटलं. त्यांनी चर्चच्या वहीत दोन्ही लिहिले. तू तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आलीस, तोवर लहान्याला पुरलंसुद्धा होतं. तुलाही मी तेच सांगितलं.

याच खोट्याने मी तुला अकरा वर्षांपूर्वी मारलं.

तुझी,
ताई

२१ जानेवारी

प्रिय बडबडे,

परवाचं पत्र पेटीत टाकलं आणि लगेच ते परत काढून घ्यावंसं वाटलं. कारण त्यातही एक खोटं आहे. खरं सांगायला बसले आणि तिथेही थाप मारली, काय म्हणावं या बाईला!

"हात गुंतलेले होते" असं मी लिहिलं. एवढ्याशा बाळाची छाती दोन बोटांनी दाबतात. तोंडावरचा हवा देणारा फुगा दाबायला एक नवी नर्स होती. माझा दुसरा हात गुंतलेला नव्हता. वाटी त्याच टेबलावर होती. हे तुला कुणीही डॉक्टर सांगेल, म्हणून आधी मीच सांगते.

मी पाणी घेतलं नाही, कारण घेतलं असतं तर तो जातो आहे हे मला मान्य करावं लागलं असतं. इतकी वर्षं मी पाणी कशासाठी घेत होते, तर बाळ जाणार म्हणून. माझ्या लेखी तो मरणाचा दाखला झाला होता. दुसऱ्यांच्या बाळांना मी तो सहज दिला. आपल्या बाळाला द्यायला माझा हात उचलेना. पाणीवाली मावशी म्हणे! बाप्तिस्मा नव्या जन्मासाठी असतो हे मी आठ वर्षांची असताना धर्मशिक्षणाच्या वर्गात घडाघडा म्हटलं होतं, बक्षीसही मिळालं होतं. त्या दुपारी माझा त्यावर विश्वास नव्हता.

काल मी पापनिवेदनाला गेले. चौतीस वर्षांत शेकडो वेळा गेले असेन, राग, आळस, शेजारणीची निंदा, सगळं सांगितलं, हे एवढंच राहिलं. काल सांगितलं. फादरांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, वहीतली नोंद दुरुस्त करायला हवी, आपण ती रीतसर करू. मी विचारलं, "आणि बहिणीला लिहिलं, ते बरोबर केलं का चूक?"

ते म्हणाले, "तुमचं ओझं उतरायला तिच्या डोक्यावर ठेवलं असेल तर चूक. तिचं काही तिला परत द्यायचं असेल तर लिहा."

मग रात्रभर नाही, पण सकाळच्या मिस्सात मी हाच विचार करत होते. तुझं काय मी घेतलं? लहान्याबद्दलचं सत्य घेतलं, ते परत दिलं. आणि दुसरं म्हणजे तुझी मोठी. बघ ना, दोघांपैकी ज्या एकाच लेकराला मी माझ्या हाताने, रडत, देवाला हाका मारत बाप्तिस्मा दिला, ती हीच. आणि हिच्याच लग्नाला मी गेले नाही. हिच्यापेक्षा मी तिच्या मेलेल्या भावाला मोठं केलं. पाणी ओतून मी मोकळी झाले, पुढे तिच्यासाठी प्रार्थना करायची, तिच्या दाराशी जायचं, तिच्या नवऱ्याला जेवू घालायचं, हे माझं काम होतं. ते मी एक दिवसही केलं नाही. तिला एवढं सांग, की मावशी चुकली. ती चर्चला येते की नाही, हे विचारण्याचा हक्क मी गमावला आहे, आणि मी विचारणारही नाही. रोज तिचं आणि तिच्या नवऱ्याचं नाव घेते, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि लहान्याचं म्हणशील तर, त्या पोरगेल्या बापाला फादर जे म्हणाले, त्यावर माझा विश्वास आहे. तो देवाच्या दयेत आहे. माझ्या वाटीभर पाण्यावाचून देवाचं काही अडलं नाही. हे मी तुला चौतीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. पण मग माझ्या हातून काय राहिलं हेही सांगावं लागलं असतं.

तुझी,
ताई

२८ जानेवारी

प्रिय बडबडे,

रविवार झाला.

मी फादरांना आधीच सांगितलं होतं की मी पुढे उभी राहणार नाही. त्यांनी कारण विचारलं नाही, पापनिवेदनात ऐकलेलं ते बाहेर काढूही शकत नव्हते. लोकांनी मात्र विचारलं. मेणबत्त्यांचं बघणाऱ्या बाईंनी तर दोनदा विचारलं, "गुडघा का हो?" मी म्हटलं, हो, गुडघाच. म्हणजे चर्चच्या दारातच पुन्हा एक खोटं बोलले. मग मागे फिरले आणि म्हटलं, "गुडघा नाही. मी देवाचं एक देणं लागते, म्हणून." त्या गोंधळल्या. गोंधळू देत.

मी शेवटच्या बाकावर बसले, बहिऱ्या मास्तरांच्या शेजारी. पुढे माझ्याऐवजी तोच पोरगेला बाप उभा होता, बायकोच्या कडेवर नवं बाळ. फादरांनी विचारलं, "तुम्ही सैतानाचा आणि त्याच्या सर्व कृत्यांचा त्याग करता का?" सगळं चर्च म्हणालं, "होय, करतो." लहानपणापासून शेकडो वेळा म्हटलेलं आहे. या वेळी मी मागे राहिले. त्याची कृत्यं म्हणजे काय, हे पहिल्यांदाच मला नीट माहीत होतं. खोटं बोलणं, आणि मग त्या खोट्याने मारणं. सगळे बोलून गप्प झाले. मग शेजारून मास्तर, नेहमीप्रमाणे एक ओळ उशिरा, मोठ्याने म्हणाले, "होय, करतो!" त्यांच्याबरोबर मीही म्हटलं. काहीजण मागे वळून हसले.

फादरांनी पाणी शिंपडलं, ते शेवटच्या बाकापर्यंत पोहोचलं नाही. मी जाताना दारातल्या भांड्यात बोट बुडवून क्रूसाची खूण केली आणि घरी आले. पाव-दूध खाल्लं. दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे कपाटात ठेवले. उगाचच. कुणी येणार नव्हतं.

फार एकटं वाटतं गं. हे आजवर लिहिलं नव्हतं, कारण तू म्हणशील, भोग. तू उत्तर दिलं नाहीस तरी मी रोज पोस्टमनची वाट बघते आणि रोज त्याच्यावर चिडते.

तुझी,
ताई

११ फेब्रुवारी

माझ्या बाई,

तुझं पाकीट आलं. शिंप्याने खालूनच आरोळी ठोकली, "मावशी, पत्र!" मी जिन्यातच फोडलं. आत अर्धा कागद, चार ओळी. अकरा वर्षांची बडबड चार ओळींत बसवलीस.

तू लिहिलंस, "तुझी सगळी पत्रं वाचली. मी अजून चिडलेली आहे आणि किती दिवस राहीन सांगता येत नाही. पण पाण्याचं राहू दे. पलंगावर पडल्या पडल्या मी तुला विचारलं होतं, तो कसा दिसत होता, आणि तू म्हणाली होतीस, बाप्तिस्मा झालाय, काळजी करू नकोस. मी त्याला पाहिलेलंच नाही, ताई. त्याचे केस कसे होते?"

मी जिन्यात बसले. शिंपी वर येऊन विचारून गेला, चक्कर आली का.

तू विचारलं होतंस. एकदा नाही, तीनदा तरी. दर वेळी मी तुला पाण्याचं उत्तर दिलं, की मग पुढचं कुणी विचारत नाही. तू आई, आणि तो मला माहीत, तुला नाही. सहा तास तो जगला आणि ते सहाच्या सहा तास माझ्याकडे आहेत. ते तुझे आहेत. घे.

केस होते. भरपूर होते, काळेभोर, डोक्याला चिकटलेले. मी कापसाने पुसले तर मागे वळले. उजव्या बाजूला भोवरा होता. डावा कान दुमडलेला, मी दोनदा सरळ केला, दोनदा परत दुमडला. वजन एक किलो दोनशे. रंग तुझ्यापेक्षा उजळ, तुझ्या नवऱ्यावर गेला होता. नखं पूर्ण आलेली नव्हती. दोन वेळा शिंकला, आणि दुसऱ्या शिंकेला स्वतःच दचकला. मोठी शेजारच्या काचेच्या पेटीत रडली की हा हातपाय हलवायचा बंद करायचा, ऐकत असल्यासारखा. नऊच्या सुमाराला खिडकीतून ऊन आलं तेव्हा त्याने एक डोळा उघडला. एकच. दुसरा उघडायचा कंटाळा केला. मला हसू आलं, आणि त्या नव्या नर्सलाही आलं. त्या वॉर्डात त्या सकाळी कुणीतरी हसलं होतं, त्याच्यामुळे.

तो एकटा एक मिनिटही नव्हता. मी एका हाताच्या दोन बोटांनी त्याची छाती दाबत होते. माझा दुसरा हात मोकळा होता असं मी तुला लिहिलं, आणि ते खरं आहे. पण त्या हाताचं बोट त्याने धरलेलं होतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही, सोडवून घेता आलं असतं. तो धरून होता एवढंच सांगते. तो गेला तेव्हा मी ते बोट काढलं नाही. बराच वेळ तसंच ठेवलं.

आणखी विचार. मला सगळं आठवतं.

तुझी,
ताई